आगाप बटाटा केव्हा व कसा लावावा

एका खेड्यातील उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वाचनात असे आले की, आयर्लंड देशातील कुटुंबे उत्तम शुक्रवारी आपल्या परसात बटाटे लावीत असत व त्या दिवशी लावलेल्या पिकावर आशीर्वाद असतो असे मानीत असत. तेव्हा आपल्या मंडळ्यांतही तशी वहिवाट का पाडू नये, असे त्यांचे विचारणे आहे. प्रश्न भाबडा वाटला तरी टाकाऊ नाही. परसबागेत लवकर बटाटा यावा अशी इच्छा पुष्कळांस असते, आणि बेणे महाग असल्यामुळे त्यात केलेली चूक गरिबाच्या घरात वर्षभर सलते. म्हणून ह्या आठवड्याचा पाठ आम्ही ह्याच विषयावर देत आहो.

आयर्लंडातील ती वहिवाट खरी होती. उत्तम शुक्रवार दरसाल 20 मार्च ते 23 एप्रिल ह्यांच्या दरम्यान येतो. त्या सुमारास तेथील हिवाळा सरतो, हिमाचे भय कमी होते आणि गारठलेली जमीन थोडीशी ऊब धरू लागते. ह्यास्तव तेथील शेतकऱ्यास तो दिवस सोयीचा पडला. आमच्याकडे त्याच दिवशी वाफ्यातील माती तव्यासारखी तापलेली असते. तीत बटाटा पुरणे म्हणजे तो भाजावयास घालणे होय. झाड तेच, पण तेथील माणसाने जमीन उबदार होण्याची वाट पाहावयाची, आणि आम्ही ती थंड होण्याची. दोघांनाही वाट पाहणे चुकत नाही, एवढेच काय ते साम्य.

ह्याचे कारण बटाट्याच्या मूळ स्वभावात आहे. हे झाड दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड उंचवट्यावरचे. पोर्तुगीज लोकांबरोबर ते आमच्या किनाऱ्यावर आले, आणि बटाटा हा शब्दही आम्ही त्यांच्याच भाषेतून घेतला. शास्त्रात बटाट्याचे नाव का नाही, असे शब्बाथ शाळेतील एका मुलाने आम्हांस एकदा विचारले होते. त्याचे उत्तर हेच की, शास्त्र लिहिले गेले तेव्हा पॅलेस्टाईनात बटाटा कोणी पाहिलाही नव्हता. असो. अँडीजमधून निघून बटाटा जगभर फिरला, पण थंड रात्रीची त्याची आवड गेली नाही. दिवसा पाने उन्हात अन्न तयार करितात. रात्र थंड असली म्हणजे ते अन्न खाली उतरून कंदात साठते. रात्र उकाड्याची असली तर झाड ते अन्न स्वतःच श्वासावाटे जाळून टाकते. जमिनीची उष्णता 17 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असली म्हणजे कंद उत्तम धरतो. रात्री सतत 22 अंशांच्या वर राहू लागल्या म्हणजे वर पाला माजतो आणि खाली काही लागत नाही.

ह्या बाबतीत आम्ही आरंभापासून शहाणे होतो असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या प्रीतिभोजनाकरिता मंडळीच्याच आवारात बटाटा काढावा असा आमचा बेत ठरला. नाताळापूर्वी पीक हाती यावयाचे तर जितके आधी लावू तितके बरे, असा सरळ हिशेब आम्ही केला. मंडळीतील स्त्रियांनी वर्षभर मूठमूठ धान्य बाजूस काढून जे पैसे जमविले होते, त्यांतून 15 किलो बेणे आणविले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी ते कापले व दुपारी लावले. पावसाने जमीन चिंब झालेली, वरून कडक ऊन, आणि त्यात आम्ही हौसेने आणखी पाणी दिले. पंधरा दिवसांनी उकरून पाहतो तो फोडी लिबलिबीत झालेल्या व हातास घाण वास. जेमतेम तिसरा हिस्सा उगवला. ती रोपे उंच व फिकट वाढली आणि नाताळात त्यांच्या मुळाशी सुपारीएवढे कंद निघाले. त्या भगिनींपुढे उभे राहून आपली चूक सांगताना आम्हांस जे वाटले ते येथे लिहीत नाही. पैसे आम्ही भरून दिले, परंतु मूठमूठ धान्याची भरपाई पैशाने होत नाही.

त्याच वर्षी मंडळीतील एका वृद्ध विधवा बहिणीने घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात बटाटा लावावयाचे योजिले होते. आमचे बेणे जमिनीत कुजत होते त्या दिवसांत तिचे बेणे ओसरीवर सुपांत पसरलेले होते. आम्ही तिला म्हटले, "आजी, तुम्ही अजून लावला नाही?" तिने उत्तर दिले, "पाळकसाहेब, पहाटे गोधडी ओढावीशी वाटू द्या, मग लावते." तिने 12 ऑक्टोबरास लावला, आणि 22 डिसेंबरास, म्हणजे 71 व्या दिवशी, एक टोपली बटाटे मंडळीच्या स्वयंपाकघरात आणून ओतले.

आमची घाई जमिनीत झाली. तिची घाई सुपात झाली. आगाप पीक काढण्याचे सारे वर्म ह्यात आहे. न मोडवलेले बेणे लावले तर त्याचे कोंब मातीवर यावयास तीन, कधी चार आठवडे लागतात. कोंब आणून लावलेले बेणे दहा ते चौदा दिवसांत वर येते. जे दहा-बारा दिवस आपण जमीन तापलेली असता पुढे ओढू पाहतो, ते ओसरीवर बसल्या बसल्या मिळतात आणि बेणेही वाचते.

आता हे बेणे कसे तयार करावे ते सांगतो. प्रथम ते कोठून आणावे, हे महत्त्वाचे. बाजारातून भाजीसाठी आणलेला बटाटा बेण्यास घेऊ नये. शीतगृहात त्याला कोंब येऊ नयेत म्हणून पुष्कळदा औषधाची धुरी दिलेली असते, आणि मग तो सुपात महिनाभर ठेवला तरी त्याचे डोळे उघडत नाहीत. शिवाय मावा किडीने पसरविलेले पानांचे रोग बटाट्याच्या अंगात लपून राहतात. डोळ्यांस काही दिसत नाही आणि पीक मात्र दरसाल उतरत जाते. पंजाबकडील बेणे आपल्या प्रांतात इतके येते त्याचे कारण हेच की, तेथे थंडीच्या आरंभी मावा फार कमी असतो व त्या मुदतीत निरोगी बेणे तयार करता येते. म्हणून प्रमाणित बेणे घ्यावे, आणि दोन-चार कुटुंबांनी मिळून एक गोणी घेऊन वाटून घ्यावी. उधारीवर बेणे घेऊन पीक त्याच व्यापाऱ्यास बांधून देण्याचा मार्ग परसबागेसाठी तरी कोणी धरू नये. पाच किलो रोख घेऊन लावणे हे पंधरा किलो उधार घेण्यापेक्षा बरे.

वाणांविषयी थोडेच सांगतो. सिमल्याजवळील कुफरी ह्या गावाच्या नावावरून सरकारी संशोधन केंद्राच्या वाणांस नावे पडली आहेत. त्यांतील एक वाण 1972 साली आमच्या पठारी प्रदेशाकरिता दिले गेले. त्याचे नावच कुफरी लवकर असे आपल्या मराठी शब्दावरून ठेविले आहे. ते सुमारे 75 ते 80 दिवसांत तयार होते. कुफरी चंद्रमुखी (1968) व कुफरी पुखराज (1998) हीही आगाप लागवडीस चालतात. जे खात्रीचे मिळेल ते घ्यावे. नावाच्या मागे लागून रोगट बेणे आणण्यात अर्थ नाही.

शीतगृहातून निघालेले बेणे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आणावे. गोणी तशीच बांधून ठेवू नये, आत घाम धरून बेणे कुजते. कुजके, सुरकुतलेले, काळे डाग असलेले वेचून टाकावे. एखादा कापून पाहावा. आत बांगडीसारखे तपकिरी वर्तुळ दिसले तर ते बेणे मर रोगाचे आहे असे समजून सर्व परत करावे. चांगले राहील ते सुपांत किंवा टोपल्यांत एकाच थराने, ज्या टोकास डोळे अधिक ते टोक वर करून, ओसरीवर पसरावे. ऊन लागू नये, पण उजेड व वारा भरपूर असावा. अंधाऱ्या खोलीत ठेविले तर पांढरे, लांब, सुतासारखे कोंब येतात आणि हात लागताच मोडतात. उजेडात कोंब आखूड, जाड, हिरवट जांभळे येतात. नखाएवढे झाले म्हणजे पुरे. बेण्याची सालही हिरवी होते, त्याने बेण्यास बाध नाही. परंतु हे हिरवे बटाटे कोणी चुकूनही खाऊ नयेत. त्याचे कारण पुढे देतो.

कोंबडीच्या अंड्याएवढे बेणे असेल तर न कापता सबंध लावावे. ऑक्टोबरच्या आरंभी जमिनीत उष्णता उरलेली असते तेव्हा हाच नियम सर्वांत सुरक्षित आहे. मोठे बटाटे कापणे भाग असेल तर उभे कापावे, प्रत्येक फोडीस दोन-तीन डोळे राहावे व फोड 30 ते 40 ग्रॅमांहून लहान नसावी. कापलेल्या फोडी ओलसर गोणपाटाखाली सावलीत दोन दिवस ठेवाव्या, म्हणजे कापलेल्या अंगावर पापुद्रा धरतो. त्याच दिवशी मातीत घातल्या तर काय होते ते आम्ही वर सांगितलेच आहे. एखादा आतून कुजका निघाला तर विळी राखेने घासून धुतल्याशिवाय दुसऱ्यास लावू नये.

लावण्याचा दिवस कसा ओळखावा? उत्तम शुक्रवाराची गोष्ट वर झाली. दुसरी एक शंका आमच्या कित्येक बंधुभगिनींस असते ती अशी की, हस्त, चित्रा, स्वाती ही नक्षत्रे मोजून पेरणी करणे ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय? आम्हांस असे वाटते की, काळ मोजण्यापुरते त्यांत काही वावगे नाही. आकाशातील ज्योती ऋतू, दिवस व वर्षे दाखविण्याकरिता देवाने नेमिल्या, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. साधारणपणे 27 सप्टेंबरापासून हस्त, 10 किंवा 11 ऑक्टोबरापासून चित्रा व 24 ऑक्टोबरापासून स्वाती चालते. आमचे वाडवडील ह्यावरूनच पाऊस व थंडी ओळखीत, आणि ते ज्ञान टाकून देण्याचे कारण नाही. परंतु नक्षत्राचे भय धरणे, त्याच्या नावाने नवस करणे, किंवा अमुक दिवशी लावले म्हणून आशीर्वाद व तमुक दिवशी लावले म्हणून शाप असे मानणे सोडले पाहिजे. आणि हे सोडावयाचे तर उत्तम शुक्रवाराविषयीही तीच समजूत नव्याने धरू नये, असे आमचे त्या उपदेशक बंधूंस प्रेमाचे सांगणे आहे. प्रभूच्या मरणाचा दिवस प्रार्थनेचा आहे. त्यास पेरणीचा मुहूर्त करणे बरे नव्हे.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दृष्टांत आहे. तो पहिल्या व शेवटल्या पावसाची धीराने वाट पाहतो. ह्या वचनावर उपदेश करिताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॅलेस्टाईनात उन्हाळा अगदी कोरडा जातो व पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. उन्हाळ्याने दगडासारखी झालेली जमीन त्याने मऊ होईपर्यंत तेथील शेतकऱ्यास नांगर घालता येत नसे, मग घरात दाणे असोत वा नसोत. त्याचे थांबणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हते. औते दुरुस्त करणे, बी निवडून ठेवणे ही त्या दिवसांची कामे असत. आमच्या आजीबाईंचे सूप हे त्याच जातीचे काम होय.

तर पठारावरील गावांत ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत आगाप लागवड करावी. पहाटे अंगावर घ्यावेसे वाटू लागले, गवतावर दव दिसू लागले, आणि दुपारी वाफ्यात वीतभर खोल हात घातला असता माती गार लागली, म्हणजे वेळ आली असे समजावे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावलेलेही पीक येते, पण ते आगाप नव्हे. पुणे जिल्ह्यात खेड व आंबेगावकडील उंच पठारांवर जून-जुलैत पावसावर बटाटा लावितात. त्या बंधूंचे पंचांग वेगळे, त्यांस हा पाठ लावण्याच्या तारखांपुरता लागू नाही. कोकणपट्टीत खाली रात्री फारशा थंड होत नसल्यामुळे तेथे ह्या पिकाच्या मागे लागू नये, रताळी लावावी.

जमीन भुसभुशीत व निचऱ्याची पाहिजे. मागील हंगामात जेथे वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते ती जागा सोडावी. ती सर्व बटाट्याचीच भावंडे असून त्यांचे रोग मातीत राहिलेले असतात. एका गुंठ्यास 200 ते 250 किलो चांगले कुजलेले शेणखत घालावे. ताजे शेण घातले तर हुमणी होते व बटाट्यास खवले धरतात. बेणे गुंठ्यास 15 ते 20 किलो लागते. त्यावरून आपल्या जागेपुरता हिशेब करावा.

आदल्या दिवसांत जमीन ओलवून वाफसा आल्यावर दोन-दोन फुटांवर सऱ्या पाडाव्या. सरीत वीतभर अंतराने बेणे कोंब वर करून ठेवावे आणि चार बोटे माती ओढावी. कोंब मोडू नये म्हणून हे काम मुलांवर न सोपविता घरधन्याने किंवा घरधनिणीने स्वतः करावे. वर वाळलेला पाला किंवा गवत पातळ पसरले तर माती आणखी थंड राहते. पहिले पाणी अगदी हलके द्यावे. उगवण होईपर्यंत ओल असावी, चिखल नसावा. पुढे जमिनीच्या मानाने सात-आठ दिवसांनी पाणी द्यावे, व ते वरंब्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच चढू द्यावे.

रोपे वीतभर झाली म्हणजे खुरपणी करून मातीची भर द्यावी, व लावणीपासून सुमारे महिन्याने दुसरी भर चांगली उंच द्यावी. हे काम कंटाळ्याचे आहे आणि पुष्कळ लोक ते टाळतात. परंतु बटाटा मुळावर लागत नाही. जमिनीखालील खोडाच्या फाट्यांवर लागतो, म्हणून खोडाशी जितकी भुसभुशीत माती तितकी कंदांस जागा. भर नसली तर कंद उघडे पडतात. त्यांवर ऊन लागून ते हिरवे होतात, आणि बटाट्याची पाकोळी डोळ्यांत अंडी घालून अळ्या आत पोखरीत जातात.

करप्याविषयी सावध असावे. थंड, ढगाळ व दमट हवेत पानांच्या कडांवर काळपट, पाण्याने भिजल्यासारखे डाग पडतात, खालच्या अंगास पांढुरकी बुरशी दिसते आणि चार-आठ दिवसांत वाफा भाजल्यासारखा होतो. वर ज्या आयर्लंडचे नाव आले त्याच देशात 1845 साली हा रोग शिरला. गरिबांचे बहुतेक सर्व अन्न एकटा बटाटा, तोही प्रायः एकाच जातीचा. 1852 पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात सुमारे 10 लक्ष माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. तीही माणसे उत्तम शुक्रवारी बटाटे लावणारीच होती, हे त्या समजुतीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी विसरू नये. आज ह्या रोगास उपाय आहे. ढगाळ दिवस येताच, रोग दिसण्यापूर्वीच, बोर्डो मिश्रण फवारावे. 100 ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात व 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून, दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर धरला तर आणखी चुन्याचे पाणी घालावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

नाताळासाठी थोडे बटाटे हवे असतील तर 65 ते 70 दिवसांनी वरंब्याच्या बाजूने माती अलगद सारून मोठे कंद तेवढे काढावे व माती पुन्हा लोटावी. झाड राहिलेले कंद पोसत राहते. ह्या कोवळ्या बटाट्याची साल अंगठ्याने निघते. ते टिकत नाहीत, तीन-चार दिवसांत खाऊन टाकावे. साठवण्याचे पीक मात्र पाला पिवळा पडू लागेपर्यंत ठेवावे, काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, पाला कापून टाकावा, आणि साल घट्ट झाल्यावर कोरड्या दिवशी काढावे. एका गुंठ्यात दीड क्विंटल उतरले तर चांगले पीक आले असे समजावे.

आता विषाची गोष्ट. बटाट्याचे जे अंग उजेडात हिरवे होते त्यात एक विषारी द्रव्य उत्पन्न होते, व ते शिजविल्याने जात नाही. हिरवा भाग थोडा असेल तर तो खोल कापून टाकावा. पुष्कळ असेल किंवा चवीस कडू लागला तर बटाटाच फेकावा. मोठे कोंबही खाऊ नयेत. आमच्या भगिनी रानातील नाना पाल्यांची भाजी करितात, म्हणून मुद्दाम लिहितो की बटाट्याच्या पाल्याची भाजी करू नये व तो गुरांपुढेही टाकू नये. कधी कधी झाडास लहान टोमॅटोसारखी हिरवी फळे येतात. ती मुलांनी तोंडात घालू नयेत, हे शब्बाथ शाळेत सांगून ठेवावे. घरातील बटाटे नेहमी अंधारात ठेवावे.

ज्यांच्याकडे उरेल इतके पीक येईल त्यांनी कापलेले व पोखरलेले बटाटे आधी खाण्यास काढावे. उरलेले दोन दिवस सावलीत वाळवून, झाडाखाली गार जागी ढीग करून आरण लावावी व तिच्यावर घाणेरीचा किंवा कडुलिंबाचा पाला व वाळलेले गवत जाड घालावे, म्हणजे पाकोळी शिरत नाही. दर पंधरा दिवसांनी आरण उकलून वास घ्यावा. एक कुजका राहिला तर महिन्यात शेजारचे दहा नासतात. उन्हाळा चढू लागला म्हणजे घरच्या आरणीचा फार भरवसा धरू नये. मार्चअखेर ते विकून किंवा वाटून टाकावे, आणि पुढच्या ऑक्टोबराचे बेणे नवेच आणावे.